नगरपरिषदेत आपला विषय ठरावापर्यंत कसा न्यायचा, आणि पुढे कसा धरून ठेवायचा

नगरपरिषदेतल्या नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं मी सभा विभागात काढली. सभा लिपिक म्हणजे अजेंडा काढणारा, तो सदस्यांच्या घरी पोचवून सही घेणारा, सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कोण काय बोललं ते टिपणारा आणि मग आठवडाभर मान मोडून प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहिणारा माणूस. भांडणं झाली की दोन्ही बाजू त्याच्याकडेच येतात, कारण काय बोललं गेलं याचा कागद त्याच्याच हातात असतो. निवृत्त झाल्यावर फाइली सुटल्या, पण माणसं सुटली नाहीत. "भाऊसाहेब, अर्ज देऊन सहा महिने झाले हो, कुणी विचारतही नाही." हे ऐकून मी जे सांगतो तेच इथे लिहितोय. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांपुरतंच बोलतोय. त्या 1965 च्या अधिनियमावर चालतात, महानगरपालिकेचा कायदा वेगळा.

लोकांना वाटतं सभेत ठरतं. सभेत हात वर होतात. ठरतं ते आधी, टिपणीत, म्हणजे कार्यालयाने त्या विषयावर लिहून सभेपुढे ठेवलेल्या कागदात. आणि हुकतं ते नंतर, ठरावाच्या शेवटच्या ओळीत. ही दोन टोकं धरता आली की मधलं सगळं आपोआप चालतं असं नाही, पण निदान कुठे अडलंय ते कळतं.

सुरुवातीला आपलं काम सभेचं आहे का ते बघा. दिवा बंद आहे, गटार तुंबलंय, घंटागाडी येत नाही, यासाठी ठराव लागत नाही. ते विभागाचं रोजचं काम आहे, तिथे तक्रार द्यायची. दाखले, उतारे, थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र, घरपट्टीला नाव लावणं यांना 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घालून दिली आहे. मुदत आणि अपील कुणाकडे करायचं याचा फलक कार्यालयात लावलेला असतो, तो वाचा. काही कामं नगरपरिषदेची नसतातच. गावातून जाणारा राज्यमार्ग बांधकाम विभागाचा. रस्त्यावरचा दिवा आपला, पण तो ज्या खांबावर लावलाय तो खांब आणि तारा बहुधा महावितरणच्या. मोजणीचं काम भूमी अभिलेखचं. मी पाहिलंय, लोक दोन-दोन वर्षं चुकीच्या खिडकीपुढे उभे राहतात आणि खिडकीतला माणूस सांगतही नाही, कारण अर्ज घेऊन ठेवणं त्याला सोपं पडतं.

नवीन काम, ज्याला पैसे लागतात, ते मात्र समितीपुढे किंवा सभेपुढे जातं. आपण त्याचंच बोलू.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजींचं उदाहरण घेतो. त्यांच्या दारासमोरचं गटार उघडं, झाकणं फुटलेली. गल्लीतल्या पोरांनी त्यांना अर्ज लिहून दिला होता: "आमच्या प्रभागात मूलभूत सुविधांचा अभाव असून प्रशासनाचे याकडे अक्षम्य दुर्लक्ष आहे. रस्ते, गटारे, दिवाबत्ती व पाणी याबाबत तातडीने कार्यवाही करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." खाली चाळीस सह्या. अर्ज वाचताना भारी वाटतो. कार्यालयात त्याचं काय होतं ते सांगतो. आवकला, म्हणजे आलेल्या कागदांच्या रजिस्टरला, नोंद होते. मुख्याधिकाऱ्यांपुढे त्या दिवशीची सगळी टपाल जाते. ते प्रत्येक कागदावर कोपऱ्यात शेरा मारतात: "बांधकाम", "पाणी", "आरोग्य". एका कागदावर एकच खूण होते. तुमच्या अर्जात चार विषय असले तरी तो एकाच टेबलावर जातो. त्या टेबलावरचा माणूस आपला विषय असेल तर बघतो, बाकीचे तीन तिथेच मरतात. आणि "मूलभूत सुविधा" म्हटल्यावर कुणालाच आपला विषय दिसत नाही.

आम्ही तो अर्ज फाडून नवा लिहिला. एक अर्ज, एक विषय. अमुक घरापासून तमुक मोरीपर्यंत दक्षिण बाजूचं उघडं गटार, लांबी अंदाजे 60 मीटर. त्यातल्या 22 मीटरवरची झाकणं फुटलेली. गेल्या पावसाळ्यात किती वेळा पाणी घरात शिरलं, त्या तारखा. मागणी काय, तर गटार दुरुस्त करून नवी झाकणं बसवणे. सोबत दोन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. सह्या सातच, पण त्या गल्लीतल्या सात घरांच्या, घर क्रमांकासह. आंदोलनाची धमकी काढून टाकली. धमकी असली की कागद "गोपनीय" किंवा "तक्रार" अशा वेगळ्या वाटेने जातो आणि काम बाजूला राहून उत्तर तयार करणं सुरू होतं.

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. हीच तुमची पोच. पुढे कुठेही गेलात तरी "गल्लीतल्या गटाराचं काय झालं" असं न विचारता "आवक अमुक, तारीख अमुक" असं विचारायचं. आवक क्रमांकाशिवाय विचारणाऱ्याला आम्ही "बघतो" म्हणायचो. क्रमांक सांगणाऱ्यासाठी रजिस्टर उघडावं लागायचं.

मग अर्ज अभियंत्याकडे जातो. इथे माझा सगळ्यात खात्रीचा सल्ला: तो जागा पाहायला येईल तेव्हा तुम्ही हजर राहा, आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरा. खरोखर धरा. लहान नगरपरिषदेत, म्हणजे चाळीस हजारांच्या आतल्या 'क' वर्गात, अभियंता एक-दोनच असतात आणि बरोबर माणूस असेलच असं नाही. आजींच्या गल्लीत कनिष्ठ अभियंता आला तेव्हा तो कोपऱ्यावरूनच अंदाज घेऊन निघाला होता. आजींच्या सुनेने पट्टीचं टोक धरलं आणि मोरीपर्यंत चालत गेली. अंदाजे 45 लिहिलं जाणार होतं ते 61 झालं. आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं की मोरीच्या तोंडाशी उतारच उलटा आहे, नुसती झाकणं टाकून पाणी निघणार नाही. हे अर्जात नव्हतं, आम्हालाही ठाऊक नव्हतं. अंदाजपत्रकात ते त्या दिवशी आलं म्हणून आलं.

अंदाजपत्रक झालं की टिपणी लिहिली जाते. टिपणी म्हणजे पान-दीड पानात विषयाची पार्श्वभूमी, खर्च, पैसे कुठून आणि शेवटी "निर्णयार्थ सादर". ती खालून वर चढते आणि प्रत्येक जण आपला शेरा लिहितो. यातला लेखापालाचा शेरा सर्वांत महत्त्वाचा. "तरतूद शिल्लक आहे" की "तरतूद नाही", एवढंच तो लिहितो, पण त्यावर विषयाचं मरण-जगणं असतं.

"निधी नाही" हे उत्तर मिळालं तर तिथून परत फिरू नका. या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. पैसेच नाहीत, हा एक. पैसे आहेत पण या कामाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या सदराखाली, नाहीत, हा दुसरा. आणि पैसे दुसऱ्या योजनेतले आहेत, त्यांना हे काम बसतं का ते कुणी तपासलेलं नाही, हा तिसरा. माझ्या अनुभवात तिसराच जास्त वेळा खरा निघतो. वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित अशा दोन भागांत येतो. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसारख्या ठरलेल्या कामांनाच. नगरोत्थान आणि दलित वस्ती सुधार या योजना, जिल्हा नियोजन समिती यांचे पैसे वेगळे, त्यांच्या अटी वेगळ्या. दिव्यांगांसाठी पाच टक्के आणि महिला व बालकल्याणसाठी पाच टक्के राखून ठेवायचे असतात, आणि मार्च जवळ आला की ते खर्च कुठे करायचे म्हणून धावपळ उडते. तेव्हा लेखापालाला विचारायचं ते असं: "हे काम कुठल्या शीर्षात बसेल?" "पैसे आहेत का?" हा प्रश्न त्याला दिवसातून वीस जण विचारतात.

याच कारणासाठी अर्ज दिवाळीच्या आसपास द्यावा. हिवाळ्यात विभाग पुढच्या वर्षाच्या मागण्या कळवतात, आणि फेब्रुवारीच्या सुमारास अर्थसंकल्पाची विशेष सभा होते. त्यात एक ओळ आली की वर्षभर तिला धरून भांडता येतं. मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आल्यावर गटाराचा अर्ज घेऊन येणारे लोक बरोबरच असतात, फक्त वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच वाटले गेलेले असतात.

आता अजेंडा. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांत एकदा तरी घ्यावी लागते. तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन. "पूर्ण" म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही. नोटीस आणि विषयपत्रिका कार्यालयाच्या फलकावर लागते, ती कुणीही वाचू शकतं. पहिला विषय बहुधा ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. या शेवटच्या दारातून आपलं काम आत ढकलावं असं सगळ्यांना वाटतं, आणि नगरसेवकही म्हणतात, "काळजी करू नका, ऐनवेळी घेऊ." नको म्हणा. ऐनवेळच्या विषयाला मागे टिपणी नसते, तरतुदीचा शेरा नसतो. कुणी तक्रार केली की असे ठराव पहिले सापडतात. ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि एकदा का "308 झालं" की ती फाइल पुन्हा उघडायला कुणाचा हात धजत नाही. दोन महिने थांबा, पण अजेंड्यावरचा नंबर घेऊन या.

विषय अजेंड्यावर घेणं नगराध्यक्षांच्या हातात असतं. सभेची नोटीस निघायच्या दहा-बारा दिवस आधी, म्हणजे आमच्यासारखा लिपिक विषय गोळा करत असतो तेव्हा, आपल्या प्रभागाच्या सदस्यांकडून पत्र जायला हवं. प्रभागात बहुतेक ठिकाणी दोन सदस्य असतात. दोघांकडेही जा, एकाकडे गेलात आणि दुसऱ्याला बाहेरून कळलं तर तो विरोध करणार नाही, नुसता गप्प बसेल, आणि गप्प बसणं पुरतं. आणखी एक सांगतो, हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक सत्तेतला आणि अनुमोदक विरोधातला मिळाला तर त्या ठरावावर पुढे कुणी बोट ठेवत नाही. आजींच्या प्रभागातल्या ताई विरोधी बाकावरच्या होत्या. त्यांना मी म्हटलं, "ताई, मांडू नका, अनुमोदन द्या." त्या जरा रुसल्या, पण दिलं. निवडून न येता नेमलेल्या स्वीकृत सदस्यांकडे जाऊन वेळ घालवू नका असं म्हणणार नाही. ते सभागृहात बोलू शकतात आणि कधी कधी छान बोलतात, फक्त त्यांना मत नसतं.

सभा लोकांसाठी खुली असते. जाऊन बसा. बोलायचं नाही, टाळी नाही, घोषणा नाही. गडबड केली तर बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. वही न्या. आपला विषय येईल तेव्हा तीन गोष्टी लिहा: विषय क्रमांक, सूचक-अनुमोदक कोण, आणि काही बदल सुचवला गेला का. वेग बघून घाबरू नका. तासाभरात चाळीस विषय झालेले मी लिहिलेत. "वाचला, मंजूर, पुढचा." ज्या दोन विषयांवर दीड तास गोंधळ होतो त्यातला एक बहुतेक वेळा चौकाच्या नावाचा असतो.

आणि आता ठरावाची भाषा, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

ठरावाची नक्कल हातात आल्यावर वरचा मजकूर सोडा. शेवटचं वाक्य वाचा. "सदर कामास व त्यापोटी येणाऱ्या खर्चास मान्यता देण्यात येत आहे", असं असेल तर काम झालं. "मुख्याधिकारी यांनी नियमानुसार कार्यवाही करावी", असं असेल तर सभेने चेंडू परत टाकला. कार्यवाही म्हणजे तुम्हाला पत्र पाठवणं हीसुद्धा कार्यवाहीच. "तत्त्वतः मान्यता" म्हणजे कल्पना आवडली, पैशाचं नंतर बघू. "निधीच्या उपलब्धतेनुसार" म्हणजे तारीख नाही. "सविस्तर प्रस्ताव पुढील सभेत ठेवावा" हे वाईट नाही, कारण त्यात निदान पुढची सभा बांधली गेली. "विषय तहकूब" हे सरळ "नामंजूर" पेक्षा अवघड. नामंजूर झालेल्याला कारण लिहावं लागतं आणि ते कारण दूर करून पुन्हा येता येतं. तहकूब विषय पुढच्या अजेंड्यावर आपण आठवण केल्याशिवाय येत नाही. आणि यातला कुठलाही शब्द सभेत कुणी उच्चारलेला नसतो बरं. सभेत फक्त "मंजूर, मंजूर" झालेलं असतं. वाक्य नंतर लिहिलं जातं, टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदावरून. म्हणून टिपणी लिहिली जात असतानाच विचारून ठेवायचं, की मागणी "खर्चास मान्यता मिळणेबाबत" अशी आहे ना? नुसतं "विचारविनिमय करणेबाबत" असेल तर ठरावही विचारविनिमयाचाच निघतो.

माझीच एक चूक सांगतो, म्हणजे शब्दाचं वजन कळेल. एका ठरावात मी "दक्षिण बाजूचे गटार" ऐवजी "उत्तर बाजूचे" लिहिलं. अंदाजपत्रकात दक्षिण, नकाशात दक्षिण, ठरावात उत्तर. सभेत कुणी पाहिलं नाही, सही झाली, फाइल मान्यतेला वर गेली आणि महिन्याने शेरा घेऊन परत आली: "ठराव व अंदाजपत्रक यांत विसंगती." दुरुस्ती करायची तर पुन्हा सभा. सभा दोन महिन्यांनी. तोवर जून लागला. त्या गल्लीतले लोक मला रस्त्यात भेटायचे, बोलायचे काही नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक ठरावातल्या दिशा, लांबी आणि घर क्रमांक लाल पेन्सिलीने अधोरेखित करून टिपणीशी ताडून बघायचो. तुम्हीही बघा. चूक सापडली तर इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होण्याआधी आपल्या सदस्याला सांगा. पहिला विषय त्यासाठीच असतो.

नक्कल मागायला संकोच नको. इतिवृत्ताचं पुस्तक रहिवाशाला पाहता येतं. टाळाटाळ झाली तर 2005 चा माहिती अधिकार आहे: दहा रुपये, तीस दिवस, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. फक्त प्रश्न कागदाचा विचारा. "काम का झाले नाही?" याला "माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, आणि कायद्याने ते चूकही नसतं. "ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, त्याची प्रत, त्यावरील टिपणीची प्रत, नस्ती (फाइल) सध्या कोणत्या विभागात आहे त्याची हालचाल नोंद", असं मागा. ही ओळ वाचून काम सुरू झाल्याची उदाहरणं मी माहिती देणाऱ्या टेबलावरून पाहिली आहेत.

मधल्या काळात, 2021-22 पासून, निवडणुका लांबल्याने बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते. 2025 च्या डिसेंबरात मतदान झालं तोवर सभागृहं रिकामी होती. तेव्हाचे निर्णय प्रशासकीय ठराव म्हणून वेगळ्या पुस्तकात आहेत. तुमचं काम त्या वर्षांत मंजूर झालं असल्याची शक्यता वाटत असेल तर लिपिकाला मुद्दाम म्हणा, "प्रशासकीय ठरावांचं पुस्तकही बघा." नवीन सदस्यांना ते ठाऊकच नसतं आणि ते तोच विषय पहिल्यापासून मांडायला निघतात. जुना ठराव जिवंत असतो.

ठराव झाल्यावर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि ठेकेदाराला काम सुरू करायचा कार्यादेश, ही वाट आहे. त्यात तुम्ही करण्यासारखं फार नाही. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, नस्ती कुठल्या टेबलावर आहे एवढं विचारून यायचं. रोज गेलात तर लोक चेहरा बघून खुर्ची सोडतात. मुख्याधिकारी बदलून गेले तर नव्यांना एकदा भेटून आवक क्रमांक आणि ठराव क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्या. ते शासनाचे अधिकारी, गावाची त्यांना काही आठवण नसते.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत मिळवा आणि पट्टी पुन्हा काढा. आजींच्या गल्लीत कार्यादेश 61 मीटरचा होता आणि ठेकेदार 54 वर थांबला, कारण शेवटचे सात मीटर त्या उलट्या उताराचे, खणायला अवघड. सुनेने त्याच दिवशी अभियंत्याला फोन करून सांगितलं, नंतर लेखी दिलं आणि त्यावरही पोच घेतली. हे त्याच दिवशी करायचं असतं. झालेलं काम मोजून लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेत एकदा 61 चढलं आणि सही झाली की मग कागदावर गटार पूर्ण झालेलं असतं. तिथे अजून चढलं नव्हतं. चौथ्या दिवशी माणसं परत आली आणि मोरीपर्यंत खणून गेली.